आधी पत्ता, मग घर: बेळगावातून जर्मनीला जाणाऱ्यांसाठी

दरवर्षी गणपतीला मी वडगावला घरी येते आणि आरतीनंतर प्रसाद वाटून व्हायच्या आत कुणीतरी विचारतंच, "ताई, तिकडं भाड्याचं घर कसं मिळतंय?" विचारणारा कधी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातला मुलगा असतो, कधी उद्यमबागेत कास्टिंगच्या कारखान्यात चार वर्षं काढून जर्मन कंपनीचं पत्र हातात आलेला कुणी, कधी खानापूरची किंवा निपाणीची नर्सिंग झालेली मुलगी. व्हिसाचं, कोर्सचं, पगाराचं सगळ्यांनी बारकाईनं वाचलेलं असतं. घराचं मात्र "तिथं गेल्यावर बघू की" एवढ्यावर सोडलेलं. मीही तसंच ठरवून गेले आणि त्यापायी माझे पहिले तीन महिने फार त्रासाचे गेले. म्हणून हे सगळं एकदा क्रमानं लिहून ठेवते. उदाहरणं स्टुटगार्टची आहेत, कारण मी तिथं राहते. भाड्याचा मूळ कायदा मात्र साऱ्या जर्मनीला सारखाच आहे.

पहिलं घर निवडताना भाड्याच्याही आधी एक प्रश्न विचारा: इथं माझी नोंदणी होईल का?

जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता सरकारदरबारी नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. स्टुटगार्टला हे काम ब्युर्गरब्युरोत, म्हणजे महापालिकेच्या नागरिक कार्यालयात होतं. तिथं पासपोर्टबरोबर घर देणाऱ्याच्या सहीचं एक पत्र लागतं: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते. भाडेकरार दाखवून भागत नाही, हे पत्र वेगळंच लागतं. नोंदणी झाली की काही आठवड्यांत अकरा आकडी कर-क्रमांक टपालानं घरी येतो. बँकेतलं खातं, पगार, राहण्याचा परवाना, विद्यापीठाचे कागद, सगळे पुढं या पत्त्यालाच बांधलेले असतात.

माझं चुकलं ते इथंच. पहिली खोली मला एका भाडेकरूनं पोटभाड्यानं दिली. खोली चांगली, स्टेशन जवळ. "नोंदणीचं नंतर बघू," तो म्हणाला आणि मी दोन महिन्यांचे पैसे देऊन बसले. त्यानं मूळ मालकाची परवानगीच घेतलेली नव्हती, त्यामुळं पत्र द्यायला कुणी नव्हतं. ऑफिसातून कर-क्रमांक मागत होते आणि माझ्याकडं पत्ताच नव्हता. शेवटी दिलेल्या पैशांवर पाणी सोडून दुसरीकडं गेले. पोटभाडं वाईट नसतं, पहिल्या काही महिन्यांसाठी सोयीचंच असतं. पण मालकाची लेखी परवानगी आणि नोंदणीचं पत्र या दोन्हींची खात्री पैसे देण्याआधी करा.

निघण्याआधी, बेळगावातच

पत्ता कर्नाटकातला असेल तर जर्मन व्हिसासाठी तुम्ही बेंगळुरूच्या वकिलातीच्या हद्दीत येता. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर-पुणे जवळचं, पण कागद बेंगळुरूचेच. राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं एक-दोन खेपा होतील असं धरूनच चला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नाव. आपल्या भागात एका माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असतं. एसएसएलसीच्या मार्क्सकार्डावर 'पाटील एस. आर.', आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा. कन्नडमधून इंग्रजीत आणताना स्पेलिंग बदललेलं असतं ते निराळंच. जर्मनीत सगळा कारभार आडनावावर चालतो, दारावरच्या घंटीपासून बँकेपर्यंत. म्हणून पासपोर्टमध्ये आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत नीट आहे का, हे सहा महिने आधी बघा. गावाचंही तसंच. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या जन्मदाखल्यावर 'बेलगाम' आणि नव्या पासपोर्टवर 'बेळगावी' असेल, तर ही दोन गावं नव्हेत हे तिथल्या कारकुनाला आपोआप कळणार नाही. मी एका ओळीचा खुलासा जर्मनमध्ये लिहून कागदांना जोडून ठेवला होता. दोनदा उपयोगी पडला. जुना जन्मदाखला हातानं लिहिलेला, फक्त कन्नडमधला असेल तर इंग्रजी मजकुराचा नवा उतारा काढून घ्या.

पैशाचा हिशेब घरीच मांडा. विद्यार्थ्यांना बंद खात्यात वर्षाचा खर्च आधी भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे, म्हणजे महिन्याला 992. ती दर महिन्याला हप्त्यानंच सुटते, एकदम काढता येत नाही. घराचं डिपॉझिट मात्र जाताक्षणीच लागतं. त्यामुळं बंद खात्याशिवाय किमान दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम हाताशी ठेवा. कर्ज काढत असाल तर बँकेशी बोलताना हा आकडा त्यात धरा. बहुतेक मुलं इथंच फसतात आणि मग आई-बाबांना घाईनं पैसे उभे करावे लागतात.

विद्यार्थी असाल तर प्रवेशाचं पत्र आल्याच्या दिवशीच श्टुडिरेन्डेनवेर्कच्या वसतिगृहासाठी अर्ज टाका. विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय बघणारी ही संस्था असते. रांग मोठी असते, म्हणूनच त्याच दिवशी. नोकरीवर जात असाल तर पहिल्या चार-सहा आठवड्यांसाठी सामानासकटची खोली इथूनच ठरवा आणि त्या जाहिरातीत नोंदणी होईल असं लिहिलंय का ते पाहा. कायमचं घर इथं बसून ठरवायला जाऊ नका. न पाहिलेलं घर तिथले भले मालक सहसा देत नाहीत. जो देतो, त्याच्याकडं नीट बघायला हवं.

थोडी तरी जर्मन शिकून जा. पुण्यात आणि बेंगळुरूत माक्स म्युलर भवन आहे, आता ऑनलाइन वर्गही आहेत. नोकरी इंग्रजीत चालेल, पण घर भाड्यानं देणारी सत्तरीची आजी इंग्रजीत बोलणार नाही. "मी अमुक, तमुक गावची, इथं काम करते, घर बघायला कधी येऊ?" एवढं फोनवर न अडखळता म्हणता आलं पाहिजे.

जाहिरात वाचायची कशी

इमोबिलिएनस्काउट, क्लाइनआनत्साइगन आणि खोल्यांसाठी वेगे-गेझुख्ट ही तीन संकेतस्थळं मुख्य. कंपनीच्या आणि विद्यापीठाच्या सूचनाफलकाकडंही रोज नजर टाका. माझं आताचं घर मला तिथूनच मिळालं.

जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे, शब्दशः थंड भाडं, म्हणजे नुसत्या जागेचं. त्यात नेबनकोस्टन, म्हणजे पाणी, कचरा, जिना, बहुतेकदा हीटिंग असा खर्च मिळवला की वार्ममीटे होतं, गरम भाडं. काल्टमीटे 700 आणि नेबनकोस्टन 180 असेल तर दर महिन्याला 880 जाणार. वीज आणि इंटरनेट सहसा याच्या बाहेर. शिवाय नेबनकोस्टन हा अंदाज असतो. वर्षाचा हिशेब नंतर येतो आणि जास्त वापर झाला असेल तर फरक भरावा लागतो. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत मालकानं हिशेब दिला नाही, तर सहसा तो फरक मागू शकत नाही. पहिल्या हिवाळ्यात हीटर दिवसभर चालू ठेवणाऱ्या आपल्या मुलांना हा फरक चांगलाच भोवतो.

खोल्या मोजायची रीत वेगळी आहे. आपण 'वन बीएचके' म्हणतो त्याला तिथं दोन खोल्यांचं घर म्हणतात, कारण हॉल मोजतात आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर मोजत नाहीत. 'एक खोलीचं घर' म्हणजे झोपणं-बसणं सगळं एकाच खोलीत. आणि ज्यानं मी अगदी गोंधळून गेले ते म्हणजे स्वयंपाकघर रिकामं असू शकतं. रिकामं म्हणजे ओटा नाही, शेगडी नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसते नळाचे पाइप आलेले. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर उचलून घेऊन गेलेला असतो. जाहिरातीत 'ईबीके' ही अक्षरं असतील तर बसवलेलं स्वयंपाकघर मिळतं. पहिल्या घराला ही अक्षरं हवीतच.

'वेगे' म्हणजे चार-पाच जणांनी मिळून घेतलेलं घर, त्यातली एक खोली आपली. एकट्यानं गेलेल्याला मी पहिल्या वर्षी हेच सुचवते. भाडं कमी, स्वयंपाकघर तयार, आणि कुठला कचरा कुठं टाकायचा हे शिकवायला माणसं घरातच.

जागेच्या बाबतीत स्टुटगार्टचं एक खास आहे. शहर वाटीसारखं खोलगट आहे, भोवती टेकड्या, आणि त्या चढायला चारशेहून जास्त पायऱ्यांच्या वाटा. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' यात दोनशे पायऱ्या असू शकतात. नकाशा सपाट दिसतो, म्हणून हातात किराणाची पिशवी धरून एकदा चढून बघा. शहराच्या पोटात घर मिळालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. एसलिंगन, लुडविग्सबुर्ग, वाइब्लिंगन, ब्योब्लिंगन ही गावं एस-बानच्या लोकल गाडीनं जोडलेली आहेत. आपल्याकडं खानापूरहून, उचगावहून, कडोलीहून रोज बेळगावला कामाला येतातच की. तितकंच ते सोपं आहे, आणि भाडं सहसा हलकं.

अर्ज म्हणजे आपली ओळख

आपल्याकडं 'टू-लेट'ची पाटी बघून दार वाजवतात, काका चहा देतात, "कुठले तुम्ही, कुणाच्यातले?" विचारतात आणि ओळख निघाली की घर मिळतं. तिथं ही सगळी विचारपूस कागदावर होते. म्हणून एकच पीडीएफ तयार ठेवा: पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा, नोकरीचा करार किंवा प्रवेशपत्र, पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा असतील तर त्या, बंद खात्याचा दाखला, आणि सुरुवातीला एका पानाचं पत्र. पत्र जर्मनमध्ये असावं. मी कोण, काय काम करते, किती वर्षं राहायचा विचार आहे, धूम्रपान करत नाही, वाद्य वाजवत नाही, घरी कुणी प्राणी नाही. साधं आणि खरं. माझ्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्या घरात विणकामाचे माग आहेत, आवाजात वाढले, म्हणून शांततेची किंमत कळते. घरमालकीणबाईंनी भेटीत पहिला प्रश्न त्या मागांबद्दलच विचारला.

शूफा नावाचा एक कागद मागतील. तुम्ही आधीची देणी वेळेवर फेडली का, याचा तो दाखला. नव्या माणसाच्या नावावर त्यात काहीच नसतं. ते तसं स्पष्ट लिहा आणि त्याऐवजी नोकरीचा करार पुढं करा. मागच्या घरमालकाकडून 'भाडं थकलेलं नाही' असं पत्र मिळालं तर फार कामाचं. बेंगळुरूत किंवा पुण्यात भाड्यानं राहिला असाल तर त्या मालकाकडून इंग्रजीत चार ओळी आणा.

जाहिरात आल्यावर पहिल्या तासाभरात उत्तर गेलं तर वाचलं जातं. मी साठच्या वर अर्ज केले, सात ठिकाणी बोलावणं आलं, एक घर मिळालं. आकडा सांगते तो यासाठी की विसाव्या नकारानंतर आपलं नाव, आपला रंग यामुळंच होतंय असं मनात येऊ लागतं. कधी ते खरंही असतं. पण तिथल्या मुलांनाही असेच ढीगभर नकार येतात. रोजचे पाच अर्ज चुकवू नका.

फसवणुकीची खूण एकच सांगते. मालक परदेशात आहे, घर सुंदर आहे, भाडं कमी आहे, पैसे पाठवलेत की किल्ली कुरिअरनं येईल, अशी कहाणी ऐकू आली की तिथंच थांबा. घर आतून बघितल्याशिवाय आणि करारावर सह्या झाल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही. पहिल्याच निरोपाला पासपोर्टची प्रतही पाठवू नका. त्याच प्रतीनं पुढच्याला गंडवतात.

घर बघायला गेल्यावर

वेळेआधी पाच मिनिटं पोचा. दारात बूट काढू का म्हणून विचारा. आपल्याला ते अंगवळणी आहे आणि तिथं ते फार आवडतं. मग डोळे उघडे ठेवा. कपाटामागं, खिडकीच्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या छताला काळे डाग म्हणजे बुरशी. नवा रंग फक्त एकाच कोपऱ्याला दिलेला असेल तर का ते विचारा. खिडक्यांना दुहेरी काच आहे का, हीटर खोलीत सुरू होतो का, धुण्याचं यंत्र घरात ठेवता येतं की तळघरात, शेगडीवर धूर ओढणारा पंखा आहे का. फोडणीचा वास हा विषय आपणच काढलेला बरा. "आम्ही रोज स्वयंपाक करतो, खिडकी उघडी ठेवून करतो," असं मी सरळ सांगितलं होतं. लपवून घेतलेल्या घरात मोहरी तडतडली की प्रत्येक वेळी जीव धाकधुकीत राहतो.

सही आणि डिपॉझिट

इथं कायदा तुमच्या बाजूनं बराच भक्कम आहे, म्हणून सविस्तर लिहिते. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही. बेंगळुरूचे दहा-दहा महिन्यांचे आकडे ऐकून गेलेल्याला हे ऐकून हायसं वाटतं. ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे आणि पहिला हप्ता घर ताब्यात घेताना द्यायचा. मालकानं ती रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवायची आणि त्यावरचं व्याजही तुमचं. रोख देऊ नका, बँकेतूनच द्या. दलालाचं म्हणाल तर जून 2015 पासून नियम असा, की ज्यानं दलाल नेमला त्यानं पैसे द्यायचे. मालकानं नेमलेला दलाल तुमच्याकडं कमिशन मागत असेल तर नाही म्हणा.

करार जर्मनमध्येच असेल. किती काळ घर सोडता येणार नाही अशी अट आहे का, भाडं दरवर्षी ठरावीक वाढणार आहे का, जाताना रंग कुणी द्यायचा, ही तीन कलमं कुणा जाणकाराकडून वाचून घ्या. गल्लीतले आजोबा कन्नडमधली नोटीस शेजारच्या पोराकडून वाचून घेतात, त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, हे आपण जन्मापासून निभावत आलोय. तीच सवय इथं कामी आणा. शहराशहरांत मीटरफेराइन नावाची भाडेकरू संघटना असते. वर्षाची वर्गणी भरली की त्यांचे वकील सल्ला देतात.

किल्ली घेताना मालकाबरोबर खोली-खोली फिरून ताबा-नोंद लिहा. भिंतीवरचा ओरखडा, फरशीचा डाग, वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे, किल्ल्या किती मिळाल्या, सगळं. फोटो काढा, दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट परत मिळताना हाच कागद बोलतो. आणि किल्ली जिवापाड जपा. कित्येक इमारतींत एकच कुलूपव्यवस्था असते. एक किल्ली हरवली तर सगळी कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. हाफ्टफ्लिष्ट नावाचा दायित्व विमा वर्षाला थोडक्या पैशांत मिळतो. घेताना त्यात भाड्याच्या घराच्या किल्ल्या धरल्यात ना, तेवढं विचारा.

पहिला आठवडा

पहिल्याच दिवशी पत्रपेटीवर आणि घंटीवर आपलं आडनाव लावा. तिथं घरांना फ्लॅटचे नंबर नसतात. टपालवाला नाव वाचून पत्र टाकतो आणि नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. कर-क्रमांक, बँकेचं कार्ड, परवान्याच्या मुलाखतीची तारीख, सगळं टपालानंच येतं. आलेलं पत्र त्याच दिवशी उघडा. पिवळ्या पाकिटात आलं तर पाकीटही जपून ठेवा. त्यावर लिहिलेल्या तारखेपासून मुदत मोजतात.

थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला 18.36 युरो. टीव्ही नसला तरी भरायची असते, पण ती माणशी नसून घरामागं एक आहे. वेगेत राहत असाल तर सगळ्यांत वाटून घ्या.

घरचा मिक्सर चालतो, विजेचा दाब सारखाच आहे. फक्त प्लग बसत नाही, ॲडाप्टर न्या. हिवाळ्यात खिडकी किलकिली ठेवू नका. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा आणि पुन्हा बंद करा. तसं केलं नाही तर बुरशी येते आणि तिचा दोष भाडेकरूवर येतो.

रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही, रविवारी दिवसभर ड्रिल नाही. काचेच्या बाटल्याही रविवारी डब्यात टाकत नाहीत. आणि स्टुटगार्टच्या भागातली खास रीत म्हणजे केअरवोखे. आळीपाळीनं प्रत्येक घरानं आठवडाभर जिना झाडायचा, काही ठिकाणी बाहेरचा रस्ताही, आणि बर्फ पडलं तर ते सारायचं. पाळी आली की दारावर पाटी लागते. माझ्या पहिल्या पाळीला मी शनिवारी सकाळी जिना झाडून, पुसून काढला, आईसारखा अगदी कोपऱ्यापासून. वरच्या मजल्यावरच्या आजी थांबल्या, पायऱ्यांकडं बघून मान हलवली, आणि त्या दिवसापासून त्या मला नावानं हाक मारतात. त्याआधी चार महिने नुसतं 'गुटन टाग' होतं.

माणसं शोधा. बऱ्याच मोठ्या शहरांत मराठी मंडळी गणपतीला एकत्र येतात आणि कन्नड मंडळी राज्योत्सवाला. आपल्याला दोन्हीकडं जाता येतं. माझा पहिला सोफा हुबळीच्या एका अक्कांनी दिला, आणि घरी नेऊन जेवू घातलं तेव्हा ताटात ज्वारीची भाकरी होती.

वर्षभरानं मनासारखं घर मिळेल, तेव्हा जुनं सोडायची मुदत लक्षात ठेवा. भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरतात. कागदावर, शाईच्या सहीनं. ईमेल चालत नाही. नव्या घराची किल्ली मिळाली की पुन्हा दोन आठवडे, पुन्हा मालकाच्या सहीचं पत्र आणि पुन्हा ब्युर्गरब्युरो.